निळ्या बाहीवरचा टाका

वैनी,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला मला चार शब्द बोलायला उभं केलं. माईक कुठनं आणला होता कुणास ठाऊक, नुसता घरघरत होता. तुमच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावलेल्या, पांढऱ्या साड्यांतल्या बायका पुढं बसलेल्या, आणि बौद्धाचार्यांनी माझं नाव पुकारलं. माझ्याआधी बोलले त्यांनी तुम्हाला कष्टाळू म्हटलं, सोशिक म्हटलं, एकानं तर त्यागमूर्ती म्हटलं. तुम्ही असता तर तोंडाला पदर लावून मला कोपर मारलं असतं. मी उभा राहिलो, 'वैनी' एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दिराला गहिवरून आलं. गहिवर होताच, पण खरं सांगायचं तर मला राग आला होता. इतकी वर्षं चाललेलं आपलं भांडण तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

म्हणून हे लिहायला बसलोय. तुमचं माहेर कोडोली, लग्न होऊन तुम्ही उचगावात कधी आलात, मागं लेक, जावई, नातू कोण, ते सगळं छापलेल्या पत्रिकेत येऊन गेलं. त्यात एक गोष्ट आली नाही. तुम्ही स्वेटरची भोकं बुजवायचात. आपल्या गल्लीतल्या निम्म्या गड्यांच्या अंगावर तुमच्या हातचे टाके होते, आणि पत्रिका लिहिणाऱ्याला ती काही सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही.

ज्यानं ओतकाम बघितलेलं नाही त्याला हे सांगून पटत नाही. जिथं नुसतं उभं राहिलं तरी भुवया करपतात, त्या भट्टीपुढं माणूस लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून कशाला उभा राहील? पण आम्ही राहायचो. साच्यात लोखंडाचा रस ओतताना ठिणग्या उडतातच. सुती सदऱ्यावर पडली तर सदरा पेटतो. टेरिकॉटवर पडली तर कापड वितळून कातड्याला चिकटतं. खऱ्या लोकरीवर पडली तर तेवढीच जागा करपते आणि ठिणगी विझून खाली पडते. जुन्या गड्यांनी हे सांगून ठेवलं होतं आणि कारखान्यानं दुसरं काही दिलेलं नव्हतं. म्हणजे कातड्याचे एप्रन होते, नाही असं नाही. तपासणीचा साहेब यायचा त्या दिवशी ते कपाटातनं निघायचे आणि त्याची गाडी फाटकाबाहेर गेली की परत कपाटात जायचे. त्यामुळं शनिवारी घरी येताना प्रत्येकाच्या स्वेटरची चाळण झालेली असायची, आणि रविवारी तो स्वेटर तुमच्या दारात.

दादाचा निळा स्वेटर घेतला तेव्हा मी तुमच्याबरोबर होतो. लक्ष्मीपुरीच्या बाजारात फॉरेनच्या जुन्या कपड्यांचा ढीग पडायचा. तुम्ही त्या ढिगात गुडघ्यापर्यंत शिरलात, एकेक स्वेटर उलटा करून बघितलात, आणि एकाच्या कडेचा दोरा ओढून माझ्याकडं काड्यापेटी मागितलीत. भर बाजारात तुम्ही तो दोरा पेटवलात आणि नाकाशी धरलात.

"केस जळल्यागत वास याय पायजे," तुम्ही मला म्हणालात. "आन् राख चुरगळली पायजे. गोळी झाली की वळकायचं, नायलॉन हाय."

विकणारा ओरडला, "ओ बाई, दुकान पेटवताय काय?"

"खरं आसंल तर पेटनार न्हाय, पावणं. भ्या कशाला वाटतंय?"

दादा तेवढा वेळ पलीकडच्या चपलांच्या दुकानात उभा होता, आपली बायकोच नव्हे अशा थाटात. स्वेटर अंगात चढवल्यावर मात्र घरी येईपर्यंत त्यानं तो काढला नाही. उन्हाचा घाम निथळत होता तरी.

मला आधी वाटायचं, भोक बुजवायचं म्हणजे काय, दोरा घालून तोंड आवळायचं. एकदा तुमच्याशेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं की तुम्ही पहिल्यांदा कात्री घेता. ठिणगीनं पडलेलं भोक बारीक असायचं, कडेनं काळं, टणक. तुम्ही ती कड कापत जायचात आणि भोक डोळ्यांदेखत वाढत जायचं. मी म्हटलं, वैनी, हे बुजवणं आहे का उसवणं?

"करपलेल्या कडंला टाका धरत न्हाय, भावजी. जिता टाका गावंपतोर कापायचं. भोक आदी मोटं कराय लागतंय."

मग बाहीच्या आत उपडी वाटी घालायची, सुटलेला एकेक टाका सुईवर उचलून घ्यायचा, वरच्या आणि खालच्या टाक्यांमध्ये उभे दोरे ताणायचे, आणि त्यांच्यावरनं मूळच्या विणीसारखीच वीण भरत आणायची. सुलट असेल तिथं सुलट, उलट असेल तिथं उलट. एक टाका हातातनं निसटला तर ओळच्या ओळ खाली उसवत जायची, आणि मग तुमच्या तोंडनं जे शब्द बाहेर पडायचे ते त्यागमूर्तीच्या तोंडी शोभले नसते. लोकर कायम काळी. घोंगडीची, हातानं कातलेली, जाडीभरडी. एका धनगराच्या म्हातारीकडनं तुम्ही ती आणायचात. दुकानात रंगीत लोकर मिळायची, सुंदर, मऊ, पण ती नायलॉनची. कामाच्या कपड्याला दुकानची लोकर लावायची नाही, हा तुमचा नियम होता आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना तो पाठ होता.

कोडोलीच्या शाळेत विणकामाच्या बाईंनी शिकवलं म्हणून तुम्हाला हे येत होतं. मी एकदा विचारलं, मग एखादा स्वेटर विणत का नाही? तुम्ही हातातलं काम खाली न ठेवता म्हणालात, "सवड कुटं हाय? जल्मात एक आख्खा स्वेटर इनला न्हाय म्या. निस्ती दुसऱ्याची भोकं बुजवली." तुम्ही ते हसत म्हणाला होता.

आता त्या रविवाराकडं येतो. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा हिवाळा असेल. मला मुलगी बघायला कागलला जायचं ठरलं. आई-बाप नव्हते, म्हणजे बोलणी करायला दादा आणि तुम्हीच. थंडी मरणाची होती आणि दादाकडं अंगात घालायला तो एकच स्वेटर. निळ्या बाह्यांवर, छातीवर सगळीकडं तुमचे काळे ठिपके. मी चेष्टेनं म्हटलं, "पावणं म्हणतील, पोराच्या भावाच्या अंगाला देवी आल्यात." दादा हसला, पण तुम्ही हसला नाहीत. ठिपके सगळे काढणं शक्य नव्हतं. उजव्या बाहीवर मनगटाच्या वर त्याच आठवड्यात पडलेलं एक भोक मात्र उघडंच होतं, सुपारीएवढं, चहाचा कप धरला की नेमकं पुढच्याच्या डोळ्यांसमोर येणारं. शनिवारी दादानं खाडा केला आणि तुम्ही राजारामपुरीत जाऊन निळी लोकर आणलीत, स्वेटर बरोबर घेऊन, रंगाशी रंग लावून. दुपारभर उंबऱ्यात उजेडाला बसलात. संध्याकाळी दादानं बाही पुढं करून मला विचारलं, भोक कुठं होतं सांग. मला सापडलं नाही.

कागलला त्या लोकांनी दादाला पुढ्यात बसवून चहा दिला आणि कुणाचं बाहीकडं लक्षही गेलं नाही. म्हणजे तुमचं काम फत्ते झालं. माझी बायको अजून म्हणते, त्या दिवशी नवरा दिसलाच नाही, तो खाली मान घालून बसला होता, दिसला तो निळा स्वेटर. घरी येताना एसटीत दादानं तुम्हाला खिडकीची जागा दिली. एवढ्यातेवढ्यावरनं तुमच्यावर खेकसणारा माणूस, पण त्या दिवशी खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि तो तोच स्वेटर घालून कामावर आला.

त्या सोमवारी काय झालं हे मी तुम्हाला इतक्या वेळा सांगितलं की तुम्ही शेवटी कानांवर हात ठेवायला लागलात. पण हे वाचणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून परत सांगतो. रस भरलेलं भांडं दोघांनी दांड्याला धरून न्यायचं असतं. दादा पुढं, मी मागं. तो साचा आधीच्या पाळीनं केलेला होता, वाळूला पाणी जास्त झालेलं, आणि तो सुकवलेला नव्हता. दादानं हाताची पालथी बाजू लावून बघितली आणि पाळीच्या साहेबाला ओरडून सांगितलं, "साचा वला हाय." साहेब म्हणाला, माल न्यायची गाडी बाहेर उभी आहे, ओता. ओल्या साच्यात रस पडला की आतल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की ती रस उलटा फेकते. हे फौंड्रीतल्या झाडूवाल्यालाही माहीत असतं. साहेबालाही माहीत होतं. दादानं ओतलं. साच्याचं तोंड फुटलं आणि रस त्याच्या छातीवर, गळ्यावर, उजव्या हातावर आला. मी दांड्याच्या मागच्या टोकाला होतो म्हणून आज हे लिहितोय.

सरकारी दवाखान्यात तो जेवढे दिवस होता तेवढे तुम्ही त्याच्या उशाशी होता. छातीवर भाजल्यामुळं त्याचा श्वास आत जात नव्हता. डॉक्टर सांगत होते ते छातीचं सांगत होते. तुमचं लक्ष छातीकडं नव्हतंच. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं चिमट्यानं त्याच्या हातावरनं काहीतरी सोलून काढलं आणि ट्रेमध्ये टाकलं, ते तुम्ही बघितलंत. निळं होतं. वितळून घट्ट झालेलं, सुपारीएवढं. तिथनं पुढं तुम्ही दादाच्या त्या हाताकडं एकदाही बघितलं नाहीत, आणि मी ते बघत होतो.

दादा गेल्यावर कारखान्यात चौकशी झाली. टेबलापलीकडं तिघंजण, अलीकडं मी आणि तुम्ही. मी साच्याचं सांगितलं, दादा काय ओरडला ते सांगितलं, साहेब काय म्हणाला ते सांगितलं. मधला माणूस माझ्याकडं बघत होता आणि त्याचं पेन टेबलावर पडलेलं होतं. मग त्यानं एका पिशवीतनं ती बाही काढली. जळून कडक झालेली अर्धी बाही, वैनी, त्यानं ती दोन बोटांत धरली आणि तुम्हाला विचारलं, "हे भोक कुणी बुजवलं?"

"म्या," तुम्ही म्हणालात.

"कशानं?"

"दुकानच्या लोकरीनं."

एवढं विचारल्यावर त्यानं पेन उचललं. कामगारानं घातलेल्या कपड्याची घरी ज्वलनशील धाग्याने दुरुस्ती केलेली होती, त्यामुळे इजा वाढली, असं त्यांनी वाचून दाखवलं. साच्याचा शब्द नाही, पाण्याचा शब्द नाही, बाहेर उभ्या गाडीचा शब्द नाही. एवढा मोठा कारखाना, एवढी मोठी भट्टी, आणि माणूस मेला कशानं, तर उचगावच्या एका बाईच्या सुईनं. मी टेबलावर हात आपटला तेव्हा मला बाहेर काढलं. मी व्हरांड्यातनं बघत होतो. तुम्ही मान हलवत होता. तो काय म्हणतोय त्याला तुम्ही व्हय, व्हय म्हणत होता.

त्यांनी तुमच्यावर बालंट आणलं याचा मला राग आहेच, तो मरेपर्यंत राहील. पण त्याहून जास्त राग तुमचा येतो. त्यांनी ते तुमच्या पदरात टाकलं आणि तुम्ही पदर पसरून घेतलंत. घरी येताना मी म्हटलं, वैनी, ते लबाड बोलतायत, त्यांना साहेबाला वाचवायचं आहे. तुम्ही म्हणालात, "पर त्ये निळं म्या डोळ्यानं बगितलंय की." तिथनं आपलं भांडण सुरू झालं.

पुढं तुम्ही जे केलंत त्यानं गल्लीतल्या बायका हैराण झाल्या. दारोदार जाऊन तुम्ही गड्यांचे स्वेटर मागायला लागलात. भोकांवरचा रंगीत दोरा दिसला की त्याचं टोक ओढायचं, काडी लावायची, आणि गोळी झाली की तिथल्या तिथं बसून तो टाका उसवायचा. कुणाच्या सासूनं, कुणाच्या बहिणीनं हौसेनं भरलेली सुबक वीण तुम्ही कापून काढलीत आणि तिथं काळे ठिपके भरलेत. एक बाई मला म्हणाली, "तुमच्या वैनीस्नी जरा आवरा की. येडं लागलंय त्यास्नी." मी तिला ओरडलो, पण घरी येऊन तुमच्यावरही ओरडलो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि माझाच स्वेटर मागितलात.

त्यावरनं एक सांगायचं राहिलं. मी भट्टी सोडली नाही. दुसरं काही येत नव्हतं आणि नवीन संसार होता. दादाच्या जागी पुढच्या दांड्याला मी लागलो. कितीदा तरी ठिणग्या अंगावर आल्या, बाहीवर, पोटावर, एकदा गळ्याशी. प्रत्येक वेळी जागा करपली, वास आला आणि ठिणगी खाली पडली. ज्या गड्यांचे स्वेटर तुम्ही मागून मागून नेलेत, त्यांच्या अंगावरही पडल्या. सगळे आज जिवंत आहेत, पोटं सुटलीत, नातवंडं खेळवतायत. परवा फोटोपुढं त्यातले बरेच जण बसले होते. त्यातला एकही बोलला नाही, कारण त्याला त्यागमूर्तीसारखा शब्द येत नाही. त्यांच्या वतीनं मी म्हणतो, वैनी, तुमचे उपकार आहेत आमच्यावर. तुम्ही असता तर हे मला म्हणू दिलं नसतंत.

भांडण मात्र चालूच राहिलं. मी म्हणायचो, तो छातीनं गेला, हातानं नाही. तुम्ही म्हणायचात, हातावरचं चिकटलं नसतं तर त्यानं छातीवरचं झटकलं असतं. मी म्हणायचो, रस आहे तो, शेणाचा पो नव्हे झटकायला. तुम्ही भाकरी थापायला लागायचात, आणि मला वाटायचं जिंकलो. थोड्या दिवसांनी तुम्ही परत तिथंच. तुमची लेक संगीता ह्या भांडणात वाढली. ती म्हणायची, आमच्या घरात दुसऱ्यांकडं टीव्ही असतो तसं हे असतंय.

मला वाटत होतं की तुम्हाला नियम मोडल्याचं लागलंय. एका दिवाळीत, संगीता लग्न होऊन इचलकरंजीला गेल्यावर, आपण दोघंच अंगणात बसलो होतो आणि तुम्ही आपणहून बोललात. त्या रविवारी कागलहून आल्यावर तुम्ही कात्री घेऊन बसला होता. निळा दोरा काढून काळा भरायचा तुमच्या ध्यानात होतं, विसरला नव्हता. दादा म्हणाला, राहू दे गं, झ्याक दिसतंय.

"त्यांनी म्हटलं म्हनून न्हाय, भावजी," तुम्ही म्हणालात. "त्यांचं म्या कवा ऐकत हुतो? मलाच काढवंना. कात्री हातात धरली आन् बाही बगत बसलो. आसं काम माज्या हातनं परत व्हनार न्हाय आसं वाटलं. यक दिस ऱ्हाऊ दे म्हटलं."

साच्याचं, पाण्याचं, वाफेचं सगळं मला सांगता येत होतं. पण ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांची भोकं जाड्याभरड्या काळ्या लोकरीनं बुजवली, तिला एकदा, एकच दिवस, आपलं देखणं काम मोडावंसं वाटलं नाही, आणि त्याची ही शिक्षा, ह्याला काय म्हणायचं? मला तेव्हा तुमचा हात धरायचा होता. आपल्यात दीर भावजयीचा हात धरत नाही. मी उठून विहिरीकडं गेलो आणि तिथं रडलो.

दोन हजार सालानंतर कारखान्यांत जाकिटं आली, हातमोजे आले, आणि स्वेटर बुजवायला येईनासे झाले. तुमची ती काळी लोकर खरं तर सुटायला पाहिजे होती. पण संगीताच्या पोराच्या शाळेच्या स्वेटरला भोक पडलं, लाल स्वेटर होता, आणि तिनं तो तुमच्याकडं पाठवला. तुम्ही तो काळ्या लोकरीनं बुजवून दिलात. पोरगं ऐकेना, घालणार नाही म्हणालं. संगीता तणतणत आली. "आई, ते शाळंत जातंय, भट्टीवर न्हवं." तुम्ही म्हणालात, "घालू दे नायतर फेकून दे. माज्या हातनं दुसरं व्हनार न्हाय." तिनं तो घडी करून परत नेला. पोरानं घातला का नाही ते मी विचारलं नाही.

आणि मग हा हिवाळा. दवाखान्यात तुमचा श्वास दादासारखाच अडकायला लागला, आणि आम्ही सगळ्यांनी ते ओळखलं. वॉर्डात गार वारं यायचं म्हणून संगीतानं दुकानातला नवा कोरा गुलाबी स्वेटर आणून तुमच्या अंगात घातला. तुम्ही बाहीवर बोट फिरवलंत. त्या दिवशी दुपारी ती डबा आणायला गेली तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत.

"भावजी, तुमी तवापास्नं सांगतायसा, साचा वला हुता. माजं मन म्हनतंय, टाका. दोगांतलं खरं काय, त्ये त्यास्नीच म्हाईत." बराच वेळ दम खाऊन तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांच्यात बरं आसतंय. वर गेल्यावर गाट पडतीया म्हनत्यात. आपल्यात वर-बिर काय न्हाय. मग म्या इचारू कुनाला?"

"मला इचारा की," मी म्हटलं. "मी हुतो तितं."

"तुमी माजं भलं बगतासा. भलं बगनाऱ्याचं काय खरं धरायचं?"

ह्यानंतर आपण बोललो ते पाणी पाहिजे का, कूस बदलायची का, एवढंच. तुम्ही गेलात तेव्हा उत्तर न मिळताच गेलात. लोक मला सांगतात, आता ती दादाजवळ गेली, सुटली. मला तसं म्हणता येत नाही, वैनी. तुम्हाला आलं नाही आणि मलाही येत नाही. तुम्ही कुठं नाही आहात, आणि हे मी जे लिहितोय ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तरी लिहितोय, कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला पाहिजे होती आणि ती तुम्ही गेल्यावर घडली.

पंचगंगेच्या काठी चितेच्या शेणी रचून झाल्या होत्या. घरी आंघोळ घालून तुम्हाला पांढरी साडी नेसवली होती, पण संगीतानं हट्टानं वरनं तो गुलाबी स्वेटर परत घातला होता, आईला थंडी सोसायची नाही म्हणून. तुम्हाला शेणींवर ठेवलं. त्रिशरण झालं. पेटवायची काडी माझ्या हातात दिली आणि मला तो स्वेटर दिसला. मी थांबा म्हणालो. काडी दुसऱ्याच्या हातात दिली आणि तुमच्या अंगातला स्वेटर काढायला लागलो. हात ताठ झाले होते, बाही निघेना. संगीता म्हणाली, "काका, काय करायलाइसा?" मागनं एकजण पुटपुटला, नवा आहे म्हणून काढला असेल. कुणी मदतीला आलं नाही. मी एकेक बाही सोडवून काढली, साडी नीट केली, आणि मग तुम्हाला अग्नी दिला.

एवढी वर्षं मी तुमच्याशी भांडलो की त्या दोऱ्यानं काही झालं नाही. साचा ओला होता, वैनी, हे मी आजही छातीवर हात ठेवून कुठंही सांगीन. पण तो नायलॉनचा स्वेटर तुमच्या अंगावर ठेवून काडी लावणं मला जमलं नाही.